बॉक्साइटची खाण बंद होतेय, सड्यावर झाडं लावावीत का?

सडाकरी (राधानगरी, कोल्हापूर)
गावच्या सड्यावरचा (जांभ्या खडकाच्या पठारावरचा) बॉक्साइटचा साठा संपत आलाय. खाण बंद करण्याच्या आराखड्यात लिहिलंय : खड्डे भरून सपाट करायचे, बाहेरून काळी माती आणून दीड फूट थर द्यायचा, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प लावायचं, एका खड्ड्यात तळं करून मासे सोडायचे. लागूनच शाबूत सडा आहे. तिथं पावसाळी फुलं, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर), टिटवी, चंडोल आहेत आणि खालच्या जंगलातून गवे चरायला येतात. जैवविविधता समितीतर्फे काय बदल सुचवावेत?

गवतकाडी
दादा, आधी झाडांची यादी काढायला लावा. सडा म्हणजे उजाड माळ नव्हे. दोन-चार इंच मातीत, चार महिने पाण्यात आणि बाकीचे महिने तापलेल्या जांभ्यावर तग धरणारी झुडपं-गवतं तिथं आहेत. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू या सड्यावरच्या फुलझाडांना उघडं ऊन लागतं. बाभळीची सावली आणि तिच्या लवकर न कुजणाऱ्या पाल्याचा थर पडला की ती संपतात, आणि बाभळीचं बी शेजारच्या चांगल्या सड्यावरही उगवतं. काळी मातीही नको. उसाच्या रानातली माती आली की खताचा अंश आणि गाजरगवत दोन्ही आलं. झाडं हवीतच तर सड्याच्या कडेला, जिथं जंगल लागतं तिथं : अंजनी, करवंद, जांभूळ, हिरडा.

खाणीची मूळ वरची माती वेगळी ठेवली असेल तर तीच पसरायची. ढीग दीड मीटरच्या वर नको आणि वर्षानुवर्षं पडून नको, आतलं बी मरतं.

सडाकरी
ती माती डंपाच्या (टाकाऊ दगडमातीच्या ढिगाच्या) तळाला गेलीय. आता?

गवतकाडी
शेजारचा सडा खरवडू नका, एक जागा भरताना दुसरी उघडी पडेल. कार्तिकात गवत पिकून बी हाताला सुटायला लागलं की विळ्यानं कापा, सावलीत वाळवा, गोणपाटाच्या पोत्यात कोरडं ठेवा. प्लास्टिकच्या पोत्यात बुरशी येते. मेअखेरीस बियांसकट तेच गवत पातळ पसरायचं. जेवढी जागा पेरायची साधारण तेवढ्याच जागेचं गवत लागतं. पण कापताना पट्टे सोडून कापा, दर वर्षी तीच जागा नको.

खाणवाट
जमिनीच्या आकाराबद्दल. सगळं सपाट करू नका. सड्याचं जगणं उंचसखलपणात आहे.

डंपरच्या वर्दळीनं खाणीचा तळ दगडासारखा दाबला जातो. गवताच्या जागेवर तो रिपरनं (यंत्रामागच्या लोखंडी दातानं) ४०–५० सेंटिमीटर फोडा, समपातळी रेषेत. जिथं पावसाळी डबकं हवं तिथं मात्र दाबलेलाच ठेवा, फोडला तर पाणी टिकत नाही. डबकी गुडघाभर खोल, फाल्गुन-चैत्रात आटणारी असावीत. गप्पी, तिलापिया काहीही सोडू नका, बेडकांची अंडी आणि पिल्लं फस्त होतात. जांभ्याचे धोंडे फोडून खडी करू नका, तसेच विखरून टाका. देवगांडूळ, पाली, विंचू त्यांच्याच खाली राहतात.

खड्ड्याच्या उभ्या कडा गव्यांना धोक्याच्या. निदान दोन बाजूंना तीन फूट आडवं, एक फूट उभं असा उतार हवा, म्हणजे आत उतरलेलं जनावर बाहेर पडेल. काटेरी तार ओढू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जांभ्याखालच्या शेडी मातीकडे, म्हणजे मऊ चिकण थराकडे. ती उघडी राहिली की पहिल्याच मोठ्या पावसात वाहून ओढ्यात जाते आणि खालच्या झऱ्यांची तोंडं गाळानं बुजतात. तिच्यावर मुरूम-जांभ्याचा थर द्या. पाणी बाहेर पडतं त्या जागी एकामागे एक दगडी बांध घाला आणि मागचा गाळ मे महिन्यात काढा.

मशीनचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. मार्चपासून टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते.

कलम-कागद
आधार हवा असेल तर : सर्वोच्च न्यायालयाचा ८ जानेवारी २०२० चा आदेश आहे. खाणकाम थांबल्यावर ती जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य होईल अशी करून तिथं पुन्हा गवत उगवायची जबाबदारी पट्टेधारकावर, म्हणजे खाण भाडेपट्ट्यानं घेणाऱ्यावर आहे. शब्द गवताचा आहे, हे ठरावात लिहा. शिवाय २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनुसार खाण बंद करण्याचा अंतिम आराखडा बंदच्या ठरलेल्या तारखेच्या दोन वर्षं आधी मंजुरीला द्यायचा असतो. मंजुरी व्हायच्या आत ग्रामसभेचा ठराव आणि सड्यावरच्या प्राणी-वनस्पतींची नोंदवही जोडून द्या. नोंदी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करा. उन्हाळ्यातल्या पाहणीत सडा रिकामाच दिसतो.