अनुभव धागा: युद्धनौकेवर चढलात का कधी?

बडोद्याला पाणी म्हणजे सुरसागर तलाव, फार तर विश्वामित्री नदी. तरी दीव काही लांब नाही, आणि पोरंबाळं जगभर पसरलीत. संग्रहालय झालेली युद्धनौका पाहिली असेल तर लिहा. माहितीफलक नकोत, तुमचं सांगा. नावाच्या जागी बडोद्यातला आपला भाग लिहा.

कारेलीबाग: विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी. 1969 ते 2001 नौदलात, आता थेट समुद्रकिनाऱ्यावर वाळूत ठेवलीय. 91 मीटर लांब ऐकून मी ऐसपैस असेल समजलो. आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं ते गोल भोकातून: आधी पाय, मग डोकं. सासूबाई नऊवारीत! मागे रांग तुंबली. माहिती सांगणारे निवृत्त नौसैनिक म्हणाले, "आजी, घाई नाही, आम्ही महिना महिना आतच असायचो." टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायच्या फळ्या. पाण्याखाली सगळं बॅटरीवर, गोडं पाणी मोजकंच, त्यामुळे आंघोळीचं नाव नको. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो स्वयंपाकघर कुठंय हाच. कपाटाएवढं होतं.

दांडिया बाजार: मुंबईत 'विक्रांत' ही विमानवाहू नौका पाहिली, संग्रहालय होती तेव्हा. धावपट्टीवर वारा असा की वडिलांची टोपी गेलीच. 2012 ला बंद झाली, पुढे भंगारात. वडील त्या दिवशी जेवले नाहीत, हे जरा अतीच. पुढे भाच्याने तिच्या धातूची म्हणून बजाजची 'व्ही' मोटारसायकल घेतली, तेव्हा वडील खाली उतरून टाकीवर हात फिरवून आले. बोलले काही नाहीत.

अलकापुरी: कारवारची 'चपल'. छोटी, दहा मिनिटांत झाली. मासे छान मिळाले.

सध्या इंग्लंडात, मूळ रावपुरा: हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली'. मुंबईत वाडियांच्या गोदीत बांधलेली, सागवानी. पाण्यात उतरली 12 ऑक्टोबर 1817 ला. तारीख वाचून थबकले: खडकीची लढाई 5 नोव्हेंबरची! इकडे पेशवाई बुडायला आलेली आणि तिकडे हे लाकूड तरंगायला लागलं, ते अजून तरंगतंय. कुणी बघत नाहीसं पाहून तुळईला नाक लावलं. आजोळच्या झोपाळ्याचा वास येईल वाटलं होतं. डांबराचा आला.

मांजलपूर: दीवला जाल तर 'खुकरी'चं स्मारक चुकवू नका. 9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली; 18 अधिकारी, 176 नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून आलेच नाहीत. काचेत तिची प्रतिकृती आहे आणि पुढ्यात तोच समुद्र. आमच्या गाडीतला लिलो चिवडा तसाच राहिला. त्याच नावाची नंतरची नौकाही 2021 ला निवृत्त होऊन दीवलाच आलीय.

दांडिया बाजार, पुन्हा: वडिलांना हे वाचून दाखवलं. म्हणतात, त्या डिसेंबरात आपल्या वाड्यात खिडक्यांना काळा कागद होता आणि आई कंदिलाची वात अगदी बारीक करायची. 'खुकरी'ची बातमी रेडिओवर लागली तेव्हा ते गणित सोडवत होते. उत्तर चुकलं, पण आई काही बोलली नाही.