जुन्या पद्मिनीत कूलंट की नुसतं पाणी?

कोथरूडकर७८: मंडळी, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन ओरिजिनल. कर्वे रोडच्या सिग्नलला जरा उभी राहिली की काटा लालकडे सरकतो, खंबाटकी घाटात तर विचारूच नका. मेकॅनिक म्हणतो पाणीच घाला, मुलगा लाँग लाईफवालं लाल कूलंट आणून बसलाय. काय करू?

नानापेठी: पाणीच. पुण्यात काय बर्फ पडतो का अँटीफ्रीझ घालायला? कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता ओढत नाही, अर्धं-अर्धं केलंत की उलट तापेल. टॅक्सीवाल्यांनी जन्म काढला पाण्यावर.

गंजवैरी: त्या टॅक्स्यांची इंजिनं आतून बघितलीत का कधी? पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मध्ये साधं पाणी म्हणजे हेड खाल्लं जाणारच, आमच्या गाडीचं उघडलं तर पाण्याच्या भोकांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या, मधलं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, बसणार कशावर? कूलंट गंजासाठी घालायचं हो, बर्फासाठी नाही. शिवाय पुणं ५६० मीटरवर, उघडं पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं, अर्धं ग्लायकॉल असलं की १०५ च्या आसपास.

नानापेठी: दाब धरून पाणी उकळू न देणं हे रेडिएटर कॅपचं काम! स्प्रिंग मेली असेल तर कॅप बदला, स्वस्तात काम. आणि गंजाचीच भीती असेल तर नुसतं इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं औषध, टाका की पाण्यात.

गंजवैरी: कॅपचं मान्य. इनहिबिटरही चालेल, वेळेवर बदलणार असाल तर, आणि तेच कोणी करत नाही. पण ते लाल नको बुवा, ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं असेल तर पितळी रेडिएटरच्या डागांना, म्हणजे सोल्डरच्या जोडांना, मानवेलच असं नाही. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं घ्या. आणि रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक बदलतो, डब्याची मागची बाजू वाचा.

डोणजेवाला: भांडा खुशाल, पण रेडिएटर चोंदलेला असेल तर गंगाजल घाला नाहीतर कूलंट, तापणारच. सिग्नलला तापते म्हणजे आधी फॅन, पट्टा आणि ठिणगीचं टायमिंग बघा, टायमिंग मागे असलं तरी तापते. घाटातही तापते म्हणून रेडिएटर उतरवा, वरची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्या. एवढं करूनही वरून बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट गेलंय. आणि गरम असताना कॅपला हात लावू नका, उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

कोथरूडकर७८: बरं, रॉडिंगला टाकतो. पण मिसळायला पाणी कुठलं? सोसायटीत बोअर आहे.

गंजवैरी: बोअरचं अजिबात नको, क्षार बसतात. बॅटरीचं डिस्टिल्ड आणा.

नानापेठी: खडकवासल्याचं नळाचं चांगलं चालतं, उगाच खर्च.

गंजवैरी: डिस्टिल्डचा कॅन म्हणजे काय सोनं आहे का काका?