बडोद्यात छंदाची एकच गाडी ठेवायची असेल, तर केमन देऊन कॉन्टिनेंटल जीटी घ्यावी का?

एक्सप्रेसवेवाला

मुद्दा थेट मांडतो. घरात छंदाच्या गाडीला जागा एकच. तिथे पोर्शे केमन एस उभी आहे, ९८१ पिढीची, म्हणजे २०१३ ते २०१६ मधली. तिच्या जागी वापरलेली बेंटली कॉन्टिनेंटल जीटी व्ही८ घ्यावी का, दुसऱ्या पिढीची, २०१२ ते २०१७ मधली? माझं मत, बडोद्यात राहणाऱ्याने घ्यावी.

कारण आपले रस्ते. गावाबाहेर पडलं की अहमदाबादचा ९३ किलोमीटरचा एक्सप्रेसवे आणि दुसरीकडे २०२४ मध्ये खुला झालेला दिल्ली–मुंबई एक्सप्रेसवेचा बडोदा–भरूच तुकडा. दोन्ही सरळ. केमन एसची ३७० न्यूटन मीटरची ओढ ४,५०० आरपीएमच्या पुढे पूर्ण मिळते आणि ३२५ पीएस (अश्वशक्ती) मिळतात ७,४०० ला. एवढं इंजिन फिरवायला इथे जागा कुठे आहे? जीटी व्ही८ ६६० न्यूटन मीटर १,७०० आरपीएमलाच देते. १०० च्या वेगाला ट्रक ओलांडायचा तर पायाने नुसता इशारा पुरतो. हलकं चालवताना आठातले चार सिलिंडर बंद होतात, त्यामुळे एवढ्या मोठ्या गाडीच्या मानाने पेट्रोलही बेताने जातं.

दुसरी गोष्ट टायरची. केमनला १९ इंची चाकं असली तर पुढचा टायर २३५/४०, म्हणजे रबराची भिंत ९४ मिलिमीटर. २० इंची असली तर २३५/३५, फक्त ८२. जीटीला २७५/४० आर२०, भिंत ११० मिलिमीटर, शिवाय एअर सस्पेन्शन आणि गाडी वर उचलायची सोय. पावसाळ्यात इथे भुवे पडतात, म्हणजे रस्ता खचून मोठे खड्डे होतात, तेव्हा हा फरक रिमच्या काठावर दिसतो. आणि मागे दोन माणसं बसतात.

सहा सिलिंडर

आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच दिलेत. केमन एस १,३२० किलोची, जीटी व्ही८ २,२९५ किलोची. टनाला केमन २४६ पीएस देते, जीटीचे ५०७ पीएस वाटले की टनाला २२१ येतात. टायरच्या भिंतीचंही तेच. भिंत १६ मिलिमीटर जाड झाली खरी, पण खड्ड्यात आपटणारं वजन जवळपास एक टनाने वाढलं. ते सगळं बुश, बॉल जॉइंट आणि शॉक ॲब्सॉर्बर खातात. पुढची ब्रेक डिस्क ४०५ मिलिमीटरची असते ती हौस म्हणून नाही, एवढं वजन थांबवायचं असतं म्हणून.

सामानाचं बघा. केमनला पुढे १५० लिटर आणि मागे २७५, मिळून ४२५. जीटीची डिकी ३५८ लिटर. लांबच्या प्रवासाची म्हणून जी गाडी घेता, तिच्यात दोघांच्या बॅगा कमी बसतात.

आणि इंजिन. २०१६ मध्ये पुढची पिढी ७१८ आली आणि केमनमध्ये चार सिलिंडरचं टर्बो आलं. टर्बो नसलेलं सहा सिलिंडर पुढे ७१८ जीटीएस ४.० मध्ये परत आलं, पण ती गाडी वेगळ्याच भावाची. ९८१ विकली की त्याच पैशात तसं इंजिन परत मिळणं कठीण. वळणं नाहीत म्हणता? पावागडला माचीपर्यंतचा घाट आहे, सापुतारा एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. जी गाडी ६० च्या वेगाला वळणात आनंद देते, तिला एक्सप्रेसवेवर मोजणं हाच अन्याय आहे.

मकरपुरा वर्कशॉप

घ्या किंवा नका घेऊ, पण जीटी काय मागते ते आधी ऐका. इंटरनेटवर तिच्या रंगाबद्दल आणि चामड्याबद्दलच लिहिलेलं असतं.

पहिलं, टर्बो. या ४.० लिटर व्ही८ चे दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसतात. तिथे उष्णता साठते. टर्बोला तेल नेणाऱ्या वाटेवर एक बारीक जाळीची गाळणी आहे. तेल जास्त दिवस चाललं की करपून त्याचा थर जाळीवर बसतो, टर्बोला तेल कमी पडतं, बेअरिंग जातं. ऑडीच्या एस६, एस७, आरएस७ मध्ये याच घराण्याचं इंजिन आहे आणि तिथे हा दोष सगळ्यांना माहीत आहे. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न, ही गाळणी सुधारित जाळीची बसवली आहे का, बिल दाखवा. बिल नसेल तर ते काम आपल्या खर्चात धरा. पुढे कंपनी सांगते त्याच्या निम्म्या अंतरात तेल बदला. लांब पळवून आलात की लगेच गाडी बंद करू नका, एक-दोन मिनिटं इंजिन संथ चालू द्या.

दुसरं, एअर सस्पेन्शन. तपासायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी सपाट फरशीवर गाडी लावा, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेपने माप घ्या, कुलूप लावा आणि बारा तासांनी पुन्हा मोजा. एखादा कोपरा सेंटिमीटरभर बसला असेल तर ती एअर स्प्रिंग झिरपते आहे. मालक म्हणतो, चालू केली की वर येते. येते, कारण कॉम्प्रेसर ती गळती रोज भरून काढतो. त्यालाच तो जळतो. कॉम्प्रेसर बदलला तर रिलेही बदला. जुना रिले चिकटला तर नवा कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि तोही जातो. स्प्रिंग जोडीने बदला, एकच नवी टाकली की गाडी कलते.

पुढच्या आर्मचे बुश बदलताना होणारी चूक बघा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि मिस्त्री तशीच नट आवळतो. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नट हाताने लावायचे, जॅकने हब उभ्या गाडीच्या उंचीला आणायचा, मग टॉर्क रेंचने आवळायचे.

गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ गिअरचा. “तेल आयुष्यभराचं” असं कोणी सांगितलं तर मानू नका. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं म्हणते. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना बघायची. आपल्या मे महिन्यात दुपारी हे काम करूच नका. गाडी बाहेरून आली की ५० च्या वर गेलेलीच असते, गरम तेल फुगलेलं असतं, आणि निवल्यावर कमी भरतं.

बॅटऱ्या दोन, दोन्ही डिकीत. उभ्या गाडीला मेंटेनन्स चार्जर लावलेला हवा, नाहीतर व्होल्टेज पडून खोट्या सूचनांची रांग लागते.

एक्सप्रेसवेवाला

मकरपुरावाले, हे सगळं मान्य. पण केमन बिनखर्चाची आहे असं कोणी समजू नये. तिचे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. बंपरची तोंडं उघडी, आत पानं आणि धूळ जाते, पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो आणि कंडेन्सर खालून कुजतो. गॅस कमी झाला म्हणून भरत राहतात, गळती तशीच. दर वर्षी पावसाळ्याआधी बंपर काढून, कंडेन्सर रेडिएटरपासून थोडा सुटा करून मधला कचरा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढावा लागतो. प्रेशर जेट मारला तर पत्र्या दुमडतात. मग तोंडाला जाळी बसवावी.

टायरही केमनला पुढे वेगळे, मागे वेगळे. मागचे लवकर झिजतात आणि अदलाबदल होत नाही. जीटीला चारही सारखे, फिरवता येतात. मात्र चारही चाकांना ताकद जाते, म्हणून एक टायर फाटला की एकच नवा टाकून चालत नाही, हे लिहायला हवं.

सहा सिलिंडर

कंडेन्सर हे बंपर उतरवून होणारं काम आहे. टर्बोची गाळणी आणि एअर स्प्रिंगशी त्याची बरोबरी करू नका. शिवाय पोर्शेचं सर्व्हिस सेंटर अहमदाबादला आहे, सकाळी नेऊन संध्याकाळी परत. बेंटलीसाठी मुंबई गाठायची, तीही कधीकधी फ्लॅटबेडवर.

जागाही मोजा. रुंदी आरसे सोडून १,८०१ विरुद्ध १,९४४ मिलिमीटर. दोन दारांच्या मोठ्या गाडीचं दार लांब असतं, शेजारी गाडी लागली की अर्धंच उघडतं. सोसायटीत लिफ्टचं पार्किंग असेल तर पाटीवरचा भार वाचा. २,००० किलो लिहिलं असेल तर जीटी तिथे चढवायचीच नाही.

कागदपत्रंवाला

जीटी बहुधा मुंबईची किंवा दिल्लीची मिळेल. तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, हस्तांतर फॉर्म २९ आणि ३० वर, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी विकल्याचं विकणाऱ्याने आपल्या आरटीओला राज्यातल्या गाडीसाठी १४ दिवसांत, परराज्यातल्या गाडीसाठी ४५ दिवसांत कळवायचं, आणि विकत घेणाऱ्याने आपल्या आरटीओला ३० दिवसांत. इथे जीजे-०६ क्रमांक घेताना कर पुन्हा भरावा लागतो. तो आधी आरटीओत विचारून मगच भाव ठरवा. जुन्या मालकाने नंतर परतावा मागायचा ठरवलं तर तो त्याचा आणि त्याच्या आरटीओचा प्रश्न, त्यावर सौदा बांधू नका.

गाडी बडोद्यातलीच असेल तर वेगळी काळजी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला मातीची रेघ दिसते. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा आहे का, तेही बघा. विमा कंपनीकडून आधीच्या क्लेमची माहिती मागा.

मकरपुरा वर्कशॉप

जीटीमध्ये गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघाच. पूर न येताही तिथे ओल सापडते. काचेखालच्या पन्हाळीतून पाणी जायची भोकं पानांनी बुजतात, पाणी आत उतरतं आणि पायाखालचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मरतं. दर पावसाळ्याआधी ती भोकं मोकळी करायची, पाच मिनिटांचं काम आहे.

पाण्याचं दोन्ही गाड्यांना सारखंच लागू. अलकापुरी गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी साचलं की गाडी घालायची नाही. बंद पडली तर पुन्हा चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना स्टार्टर फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

मधला मार्ग

मागची सीट हवी, हलकेपणही हवं, तर ९९१ पिढीची पोर्शे ९११ का नाही? २०१५ पर्यंतच्या साध्या ९११ ला, म्हणजे कॅरेराला, टर्बो नसलेलं ३.४ सहा सिलिंडर, ३५० पीएस, मुलांपुरत्या मागच्या सीट, आणि सर्व्हिस तेच अहमदाबादचं. त्यानंतरच्या ३.० टर्बो गाडीत पुढचं नाक ४० मिलिमीटर उचलायची सोय ऑप्शनमध्ये होती. ती असलेली गाडी मिळाली तर सोसायटीचे गतिरोधकही सुटतात.

एक्सप्रेसवेवाला

९११ ही केमनची मोठी बहीण, तिची चाल तीच आहे. अहमदाबादहून रात्री परतताना जो निवांतपणा हवा तो तिच्यात येत नाही. चाकांचा आवाज आत येतोच. मला जीटीच हवी, फक्त मकरपुरावाल्यांची यादी हातात घेऊन बघायला जाईन आणि टेप लावून रात्र काढल्याशिवाय बयाणा देणार नाही.

सहा सिलिंडर

मग एवढं तरी करा. जीटीचा तपास पूर्ण होऊन कागद हातात येईपर्यंत केमनची जाहिरात टाकू नका. घाईत विकलेल्या गाडीचा भाव दलाल ठरवतो. आणि तुमची केमन सहा गिअरची मॅन्युअल असेल तर माझं मत बदलणार नाही. पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असेल तर वाद करता येईल. मॅन्युअल विकू नका.