प्रतीक झालेली बाई माणूस उरते का?

मूळ धागा
फ्रेंच चित्रकार देलाक्रॉयने १८३० साली रंगवलेलं स्वातंत्र्यदेवतेचं चित्र घ्या. पॅरिसमधला उठाव, अडथळ्यांवरून पुढे येणारा जमाव. उंच टोपीवाला बंदूकधारी, तलवार घेतलेला कामगार, दोन पिस्तुलं नाचवणारा पोरगा. कोण कुठल्या थरातला, हे कपड्यांवरून कळतं. मधल्या बाईचं वस्त्र मात्र कुठल्याच काळातलं नाही, आणि तेही छातीवरून घसरलेलं. तिला ना काम, ना घर. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली! पुरुष चित्रकार बाईला प्रतीक करतो तेव्हा तिचं माणूसपण आधी काढून घेतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १
साफ असहमत. तिच्या डाव्या हातात संगीन लावलेली बंदूक आहे, काखेत केस आहेत. १८३१च्या प्रदर्शनात समीक्षक चिडले ते याच मळक्या, रांगड्या रूपावर. नुसती शोभेची बाहुली हवी असती तर गुळगुळीत संगमरवरी अंग रंगवणं त्याला सोपं होतं. शिवाय तिला धोबिणीचे कपडे घातले असते तर चित्र धोबिणींपुरतं उरलं असतं. प्रतीकाला व्यवसाय नसतोच. युरोपीय चित्रांत काळ नाही का विळा घेतलेला म्हातारा दाखवत?

मूळ लेखिका
त्या म्हाताऱ्याला सुरकुत्या चालतात. न्याय, विजय, स्वातंत्र्य मात्र बहुधा तरुणच! न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यपुतळा १८८६ साली खुला झाला, तेव्हा मताधिकार मागणाऱ्या बायकांनी बोटीतून निषेध केला होता. विसंगती त्यांनाही दिसत होतीच.

प्रतिसाद २
प्रतीक आहे की नाही यापेक्षा शरीर काय करतंय ते बघा. बायबलमधल्या सुझानाची गोष्ट: ती बागेत अंघोळ करताना दोन म्हातारे चोरून बघतात, मग धमकावतात. इटालियन चित्रकार तिंतोरेत्तोची सुझाना आरशात रमलेली. म्हातारे कुंपणाआड, आणि आपणही त्यांच्यासारखेच निवांत बघे. आर्तेमिझिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीने १६१०मध्ये बागच काढून टाकली. थंड दगडी बाक, वरून वाकलेले दोघं, एकाचं बोट ओठांवर. सुझानाचं अंग पिळवटलेलं, मान वळलेली, दोन्ही हात त्यांना अडवायला वर. आरसा आला की ती स्वतःच्याच रूपावर भाळलेली वाटते आणि दोष तिच्याकडे सरकतो, आणि इथे तर आरसाच नाही.

प्रतिसाद १
पण मग डच चित्रकार रेम्ब्रांटची १६३६ची सुझाना? अंग चोरून बसलेली, दचकून थेट आपल्याकडे बघणारी. तो पुरुषच होता.

प्रतिसाद २
हो, आणि त्यात म्हातारा झुडपात जेमतेम दिसतो. ती दचकते ती आपल्याला बघून. म्हणजे पुरुषालाही हे जमतं. म्हणूनच बाकीच्यांनी ते केलं नाही, याचा जाब त्यांना विचारायला हवा.