हाँगकाँगच्या न्याहारीचे सोया सॉस नूडल्स: माझा दर वेळी गोळा का होतो?

निवृत्त_खजिनदार

मंडळी, नमस्कार. विषय पोटाचा आहे, जाणकारांनी मदत करावी.

मुलगी-जावई हाँगकाँगला असतात. दिवाळीनंतर आम्ही दोघं तीन आठवडे तिकडे राहून आलो. ती राहते त्या शाम शुई पो भागात, इमारतीच्या खालीच, सकाळी साडेसहाला उघडणारं एक दुकान आहे. टेबलं चार, मालकीण एक, मेन्यू भिंतीवर चिनी अक्षरांत. पहिल्या दिवशी मी शेजारच्या म्हाताऱ्याच्या ताटलीकडे बोट दाखवलं, तर तेच समोर आलं. बारीक, तपकिरी, एकेक सुटा नूडल. त्यात लांब पांढरे मोड, पातीचा कांदा, वर चिमूटभर तीळ. संपलं. गाजर नाही, कोबी नाही, ढबू मिरची नाही, रस्सा नाही. सोबत वाडगाभर भाताची गरम पेज. एकवीस दिवसांत मी हे अठरा वेळा खाल्लं. मुलीने नाव लिहून दिलं: सी याऊ वाँग चाऊ मीन.

नाशिकला परत आल्यावर तीन प्रयत्न झाले. पहिल्यांदा हाका नूडल्सचा पुडा आणून पाठीमागे लिहिलंय तसा उकळला आणि कढईत टाकला. उलथण्याने उचलला की थालीपीठासारखा अख्खा उचलला जायचा. दुसऱ्यांदा चिकटू नये म्हणून तेल वाढवलं, रंग यावा म्हणून सोया सॉस वाढवला. रंग डांबराचा आला, चव मिठागराची. तिसऱ्यांदा नॉनस्टिकमध्ये इतकं ढवळलं की बोटाच्या पेराएवढे तुकडे उरले. सौ.ने ताटलीत बघितलं आणि विचारलं, "उपमा छान दिसतोय, लिंबू पिळू का?"

बँकेत पस्तीस वर्षं काढली, एवढा ताळेबंद कधी चुकला नव्हता. कुठे चुकतंय?

---

गाडीवरचा_ट्रिपल

काका, जास्त विचार करू नका. शेजवान चटणी दोन चमचे, व्हिनेगर, अजिनोमोटो, आणि जाळ मोठा. आमच्या कॉलेजसमोरचा गाडीवाला दोन मिनिटांत देतो.

---

निवृत्त_खजिनदार

@गाडीवरचा_ट्रिपल, तेही आवडीने खातो. पण मला पुरणपोळी हवी आहे आणि तुम्ही मला जिलबीचा पत्ता देताय.

---

पेजेचं_निवळ

काका, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची वेंगुर्ल्याची. ह्यांची नोकरी जहाज कंपनीत, त्यामुळे नऊ वर्षं हाँगकाँगला होंग हाममध्ये काढली. तुम्ही खाल्लेली ती पेज, तिकडे तिला जुक म्हणतात. माझ्यासारख्या पेजेवर वाढलेल्या बाईला पहिल्या महिन्यात तिनेच तारलं. आणि जुकबरोबर चाऊ मीन ही तिकडची ठरलेली जोडी आहे, आपल्या पेजेबरोबर सुकट असते तशी.

आमच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. तिकडे आजीला पोपो म्हणतात, मीही तेच म्हणायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझं कँटोनीज भाजीबाजारापुरतं. पण स्वयंपाकघर एवढंसं, दोघी उभ्या राहिलो की फ्रीज उघडायचा नाही, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडायचं. त्यांनी मला शिकवलेलं एका शब्दात सांगायचं तर पाणी. तुमचे तिन्ही प्रयत्न पाण्याने बुडवलेत, सॉसने नाही.

आधी नूडल्स. पुड्यावरची वेळ पूर्ण शिजवण्यासाठी असते, नंतर परतण्यासाठी नाही. बारीक एग नूडल्स आणा, हल्ली मोठ्या दुकानांत सहज मिळतात. उकळत्या पाण्यात टाकून चॉपस्टिकने किंवा काट्याने नुसते सोडवायचे. लिहिलेल्या वेळेच्या निम्म्यात, मध्ये अजून दात लागतोय अशा वेळी, चाळणीत उपसायचे. लगेच गार पाण्याखाली धरायचे. आणि मग जे कोणी करत नाही ते: स्वच्छ पंचावर पसरून पंख्याखाली निदान तासभर ठेवायचे. पोपो रात्रीच उकळून ताटात पसरून ठेवायच्या, सकाळी हाताला कोरडे लागायचे. कुरडया वाळत घातल्यावर दुसऱ्या दिवशी वरून कोरड्या आणि आत मऊ असतात ना, अगदी तो हात. ओले नूडल्स कढईत गेले की परतले जात नाहीत, वाफेवर शिजतात, आणि शिजले की एकमेकांना मिठ्या मारतात.

त्या नूडल्सचा पिवळा रंग आणि ती लवचीक कड नुसत्या अंड्याने येत नाही. पिठात खाराचं पाणी असतं, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं. आपला पापडखार त्याच गोत्रातला. तुमच्याकडे साधे मैद्याचेच नूडल्स असतील तर उकळत्या पाण्यात लिटरला सपाट चमचाभर खायचा सोडा टाकून बघा, पाणी फसफसून वर येईल तेवढं सांभाळा. रंग थोडा पिवळा होतो, चावा सुधारतो. जास्त पडला तर साबण खाल्ल्यासारखं लागतं, हे मी एकदा पाहुण्यांसमोर सिद्ध केलेलं आहे.

आता सॉस. सोया सॉस दोन असतात, आणि तुम्ही रंगासाठी खारट ओतलात म्हणून मिठागर झालं. पातळ तो सांग चाऊ, मीठ आणि चव त्याची. दाट काळा तो लोऊ चाऊ, त्यात गोडसरपणा आणि रंग. मीठ त्यातही असतं, पण तो रंगापुरता थोडाच लागतो. दीडशे ग्रॅम कोरड्या नूडल्सना पातळ एक मोठा चमचा, काळा एक छोटा चमचा, साखर पाऊण छोटा चमचा आणि गरम पाणी एक मोठा चमचा. हे आधी वाटीत ढवळून साखर विरघळवून ठेवायचं. कढईवर उभं राहून बाटल्या उघडत बसलात की गेलं. तिळाचं तेल अर्धा चमचा, गॅस बंद केल्यावर. पण ते भाजलेल्या तिळाचं हवं. आपल्या घाण्याचं कच्चं तेल घालू नका, त्याचा वास वेगळा. नसेल मिळत तर सोडून द्या, तीळ तव्यावर भाजून वर भुरभुरवा.

परतताना दोन हत्यारं. एका हातात उलथणं, एका हातात चॉपस्टिकची जोडी. उलथण्याने खालून सरकवायचं, काड्यांनी वर उचलून झटकायचं, वाळत घातलेला धुतलेला शर्ट झटकतो तसं. कापल्यासारखं ढवळायचं नाही. एकदा पुडा पातेल्यात मावेना म्हणून मी नूडल्स मधोमध मोडले, तर पोपोंनी माझ्या मनगटावर चापट मारली. तिकडे लांब नूडल म्हणजे लांब आयुष्य, वाढदिवसाला मुद्दाम खातात. मी स्वतःच्या हाताने आयुष्य मोडत होते असं त्यांचं म्हणणं.

मोड आपल्या उसळीचे चालणार नाहीत. गंमत अशी की ते मूगच असतात, फक्त वाढवायची रीत वेगळी. अर्धी वाटी मूग रात्रभर भिजवा, रोवळीत पसरा, वर ओलं फडकं, त्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा. अंधारात ठेवा, दिवसातून चार वेळा वरून पाणी घाला. दाबामुळे मोड उंच पळायचे सोडून जाड होतात. चार-पाच दिवसांत करंगळीएवढे. पोपो वर्तमानपत्र पसरून, मेथी निवडायला बसतात तशा, प्रत्येक मोडाची शेपटी खुडायच्या. लग्नाच्या पंगतीला म्हणे डोकंसुद्धा काढतात, मग त्याला रुपेरी मोड म्हणतात. घरच्यासाठी फक्त शेपटी.

कढई धूर सोडेपर्यंत तापवायची, मग दोन चमचे तेल. मोड आणि पातीचा पांढरा भाग पंधरा-वीस सेकंद, बाहेर काढायचे. पुन्हा तेल, पुन्हा धूर, नूडल्स पसरायचे आणि हात मागे बांधून मिनिटभर गप्प उभं राहायचं. हे सगळ्यांत अवघड. खालची बाजू करकरीत झाली की पालटायचं, मग सॉस दोन हप्त्यांत कडेकडेने, झटकायचं, मोड परत, हिरवी पात, गॅस बंद.

---

तापमापक

@पेजेचं_निवळ, फार सुंदर. इंजिनियर म्हणून दोन आणे माझे.

कँटोनीज लोक ज्याला वॉक हेई म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास, तो जळका-खमंग वास हॉटेलात येतो कारण तिथला बर्नर पंचवीस-तीस किलोवॅटचा असतो. आपला घरचा मोठा बर्नर जेमतेम अडीच-तीन. दहापट फरक. आणि नूडल्सच्या अंगावर पाणी आहे तोवर त्यांचं तापमान शंभर अंशांवर चढत नाही. भाजल्याचा रंग-वास यायला चाळीस-पन्नास अंश आणखी लागतात. पाणी हॉटेलातला जाळ क्षणात उडवतो, आपला बिचारा तेच करत बसतो. तेव्हा पंख्याखालचा तो एक तास म्हणजे फुकटात मिळालेला बर्नर समजा.

दुसरं, एका वेळी दोन माणसांपुरतंच. चौघांचं एकदम टाकलंत की कढई थंडावली. दोन घाणे करा.

भांडं म्हणाल तर नॉनस्टिक धूर येईपर्यंत तापवू नका, त्याच्या थरासाठी ते वाईट. लोखंडी पत्र्याची कढई घ्या. मी पुण्याला बोहरी आळीतून घेतली, घासून, तापवून, तेल चोळून चार-पाच वेळा काळी केली. आता तिच्यात आंबोळीसुद्धा चिकटत नाही.

---

चातुर्मासी

आमच्याकडे अंडं चालत नाही, आणि चायनीज म्हटलं की ऑयस्टर सॉस असतोच ना? मग शाकाहारी माणसाने हा धागा नुसता वाचायचा का?

---

पेजेचं_निवळ

नाही हो ताई. ह्या पदार्थात ऑयस्टर सॉस लागतच नाही, नावातच सगळं आहे: सी याऊ म्हणजे सोया सॉस, वाँग म्हणजे राजा. राजा एकच. दुसरीकडे कुठे लागलाच तर मशरूमचा शाकाहारी मिळतो. नूडल्स बिनअंड्याचे घ्या आणि वर सांगितलेला सोडा वापरा, काम होतं.

आणि तुमचं नाव वाचून हसू आलं, कारण पोपो स्वतः चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कडक शाकाहारी असायच्या. त्याला तिकडे जाई म्हणतात. नुसतं मांस-मासे-अंडं वर्ज्य नव्हे, कांदा-लसूणसुद्धा बंद. मी चातुर्मासातलं कांदा-लसूण बंद प्रकरण हातवाऱ्यांनी समजावलं, तर त्यांनी मला लगेच आपल्यातली करून टाकलं. त्या दिवशी पातीऐवजी आल्याची बारीक काडी आणि भिजवलेले सुके मशरूम घालायच्या. मशरूम भिजवलेलं पाणी टाकून देत नसत, सॉसमध्ये साध्या पाण्याच्या जागी तेच. मला विचाराल तर तीच चव जास्त खोल होती.

---

गाडीवरचा_ट्रिपल

ताई, मी चटणीवरचा आग्रह मागे घेतो. पण अजिनोमोटोवर ठाम आहे.

---

पेजेचं_निवळ

ठाम राहा. पोपोंच्या ओट्यावर चिकन पावडरचा डबा असायचा, आणि त्यात काय असतं असं मी कधी विचारलं नाही.

---

निवृत्त_खजिनदार

सर्वांना धन्यवाद. नऊ दिवस गप्प होतो कारण मोड वाढत होते. पहिल्या रोवळीतले कुजले (पाणी घालायचं काम मी नातवाच्या गजरावर सोपवलं होतं), दुसरे जमले. करंगळीएवढे नाहीत, पण उदबत्तीच्या काडीपेक्षा बरे.

काल रात्री नूडल्स पंचावर पसरून पंखा तीनवर लावला. सौ.ने उठून पंखा बंद केला, मी उठून लावला. सकाळी हात लावला तर खरंच कोरडे, एकमेकांपासून सुटे, हलवले की सुकलेल्या गवतासारखा आवाज.

पहिला घाणा मी हात मागे बांधून मिनिटभर उभा राहू शकलो नाही. वीस सेकंदांत ढवळलं, पुन्हा निम्मा उपमा. दुसऱ्या घाण्याला नातवाला मोबाईलवर सेकंद मोजायला बसवलं. साठ म्हटल्यावर पालटला, आणि खाली विणलेल्या चटईसारखी करकरीत बाजू! कडा थोड्या काळ्या, पण कडू नाहीत. सॉस तुमच्या मापाने घातला, मला मीठ बरोबर वाटलं, सौ.ला किंचित कमी. धूर एवढा झाला की समोरच्या फ्लॅटचे लोक बेल वाजवून विचारून गेले. त्यांना ताटली दिली.

सौ.ने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. लिंबाचा विषय निघाला नाही.

फोटो मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं: "बाबा, शेपट्या कोण काढणार?"