मदत हवी आहे: पावसाळ्यात बंबफोड कोरडा कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी. संगमेश्वरजवळ आमची छोटी सॉ मिल आहे, परवाना वडिलांच्या वेळचा. हंगामात आंबापेटीच्या फळ्या कापतो. उरलेल्या ढलप्या फोडून, मोळ्या बांधून बंबफोड म्हणून विकतो. आंघोळीला बंब पेटवणारी घरं अजून आहेत, आणि त्यांना पेटणारं लाकूड द्यायला हवं, धुरकटणारं नाही.

अडचण जून ते सप्टेंबरची. शेडला तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावली, तर आत दमटपणा कोंडून आंब्याच्या लाकडावर बुरशी चढली, शिवाय कीड लागून पीठ पडतंय. बाजू उघड्या ठेवल्या की झड आत येते.

जमिनीपासून किती उंच माच बांधू? मोळ्या उभ्या रचू की आडव्या? कोकणातल्या वखारवाल्यांनी कृपया अनुभव सांगावा.