‘मोद’ आजच्या गोष्टीत चालेल का?

धागाकर्ती: माझ्या कथेत एक वाक्य होतं, "पहिली सर आली आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर मोद पसरला." संपादकांनी मोद खोडून आनंद केला, म्हणे आता असं कोण बोलतं. मला नाही पटलं. बालकवींचं "वरती खाली मोद भरे, वायुसंगे मोद फिरे" लहानपणी म्हणताना अर्थ कुणाला विचारावा लागला नव्हता, आपोआप कळायचा. आणि आनंद 'कळवण्यास आनंद होतो की' करत करत इतका झिजलाय की त्या म्हातारीला मला तो द्यायचाच नव्हता.

प्रतिसाद १: संपादकांचं बरोबर आहे. बालकवी १९१८ साली गेले हो! शिवाय कवितेत मात्रा सांभाळाव्या लागतात, मोद तीन मात्रांत बसतो, आनंदाला पाच लागतात. गद्यात ती अडचणच नाही. वाचक त्या शब्दाला अडखळतो आणि म्हातारी राहते बाजूला, लेखिकाच दिसायला लागते.

प्रतिसाद २: मोद गेलाय कुठे? मीटिंगमध्ये ठरावाला अनुमोदन देतो, प्रमोद नावाची माणसं आहेत, मोदक आहे, सगळ्यांत तोच मुद् धातू. मग सुटा आला की लगेच जुनाट?

प्रतिसाद १: भावकी जिवंत आहे म्हणून तोही जिवंत असं नसतं ना. 'हर्ष'चा धातू हृष्, म्हणजे अंगावर काटा येणं, रोमहर्षकमध्ये तो अजून दिसतो. म्हणून हर्ष झाला म्हटल्यावर कुणाला काटा आठवतो का?

प्रतिसाद ३: मला वाटतं शब्द जुना आहे हा प्रॉब्लेमच नाही, जागा चुकलीये. बालकवींचा मोद कुणाच्या चेहऱ्यावर नाहीये, तो वाऱ्यात आहे, नभात आहे, दिशांत फिरतोय. आमोद म्हणजे तर सुगंधच. मोद हवेत असतो, तो अंगणात ठेवा, पहिल्या सरीच्या वासात. म्हातारीला हरीख द्या. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० मध्ये, 'हरिख' आहे आणि गावाकडे "लई हरीख झाला" मी स्वतः ऐकलंय. हर्षचाच तो, ष चा ख झालेला.

धागाकर्ती: "म्हातारीला हरीख झाला" असं मोठ्याने वाचून बघितलं. हो, ती स्वतः असंच म्हणाली असती, हे मला आधी सुचायला हवं होतं. हरीख घेते. पण सरीच्या वाक्यात मोद राहणार.

प्रतिसाद १: हरीख चालेल, तो बोलण्यातला आहे. मोदाला माझा अजूनही विरोध, निदान दोन्ही एका पानावर तरी नकोत.